ट्रेची भोकं आणि केबलचे थर

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन. छत्रपती संभाजीनगरच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन मान वर केली, की पत्र्याच्या छताखालून जाणारा केबल ट्रे दिसतो. त्यातल्या केबली तापत नाहीत का, असं विचारलं तर मालक, कंत्राटदार, मेंटेनन्सवाले आणि कधी कधी सल्लागारसुद्धा एकच उत्तर देतात. ट्रे परफोरेटेड आहे, भोकं आहेत, हवा खेळते, काळजी नको. याच समजुतीला जोडून आणखी तीन गोष्टी येतात. ट्रे निम्मा रिकामा ठेवला म्हणजे झालं. तरीही तापला तर पंखा लावायचा. आणि पुढच्या वेळी केबल एक साइझ वरची घ्यायची.

माझं म्हणणं असं आहे की ट्रेमधली उष्णता भोकांवर फारशी ठरतच नाही. ती ठरते केबली किती थरांत आणि किती अंतराने मांडल्या यावर, आणि त्यांतून प्रत्यक्ष किती करंट जातो यावर. भोकांना एवढं महत्त्व दिल्यामुळे थरांकडे कुणी पाहत नाही, आणि केबली तिथेच जळतात.

वादाची आपली जुनी रीत पूर्वपक्ष आधी नीट मांडण्याची आहे, म्हणून तो आधी मांडतो. तो अगदी पोकळ नाही. गरम केबलभोवतीची हवा तापून हलकी होते, वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते. खाली बंद पत्रा असेल तर ही वाट अडते आणि भोकं असतील तर मोकळी होते. इथपर्यंतचं भौतिकशास्त्र बरोबर आहे. दुसरं, शहरातले हजारो ट्रे याच पद्धतीने भरलेले आहेत आणि त्यांतले बहुतेक वर्षानुवर्षं विनातक्रार चालले आहेत. अनुभवाचा हा पुरावा झटकून टाकता येणार नाही. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी भोकांचा हिशेब करू. केबल एकटी मोकळ्या हवेत असताना जेवढा करंट वाहून नेते, त्याच्या किती पट करंट ती इतर केबलींच्या संगतीत नेऊ शकते, याचे आकडे आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ५-५२ या भागात दिलेले आहेत. आपल्याकडे याला डीरेटिंग फॅक्टर म्हणतात. एकाच थरात, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या नऊ मल्टीकोअर केबली घ्या. ट्रेचा तळ बंद पत्र्याचा असेल तर फॅक्टर ०.६८. परफोरेटेड ट्रे असेल तर ०.७३. लॅडर ट्रे, म्हणजे शिडीसारखा जवळजवळ पूर्ण उघडा ट्रे असेल तर ०.७८. बंद पत्र्यापासून भोकांच्या ट्रेपर्यंत आलो तर मिळालं ०.०५. आता याच नऊ केबली ट्रेमध्ये एकीवर एक रचून, टायने आवळून गठ्ठा केला तर फॅक्टर होतो ०.५०. भोकांनी जेवढं मिळवून दिलं त्याच्या चौपटीहून अधिक गठ्ठ्याने घालवलं.

शिवाय परफोरेटेड या शब्दाला मानकात अट आहे. भोकांचं क्षेत्रफळ तळाच्या निदान ३० टक्के हवं. त्याहून कमी असेल तर तो ट्रे हिशेबापुरता बंद पत्र्याचाच धरायचा. समजा ट्रेच्या तळाला २५ मिमी लांब आणि १० मिमी रुंद खाचा आहेत आणि ५० मिमी गुणिले ५० मिमीच्या प्रत्येक चौकोनात अशी एक खाच आहे. खाचेचं क्षेत्रफळ २५० चौरस मिमी, चौकोनाचं २,५००. म्हणजे उघडा भाग १० टक्के. असा ट्रे दुरून जाळीसारखा दिसतो, बीओक्यूत, म्हणजे कामाच्या मालयादीत, त्याच्यापुढे परफोरेटेड असंच लिहिलेलं असतं, पण उष्णतेच्या दृष्टीने तो बंद पत्रा ठरतो. ट्रे विकत घेताना टेप लावून हा भागाकार करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. खाचा खरं तर क्लँप आणि टाय अडकवायला, वजन कमी करायला आणि पाणी निथळायला फार उपयोगाच्या आहेत. तेवढं श्रेय त्यांना जरूर द्यावं.

भोकांचा फायदा इतका थोडा का, याचं कारण ट्रेजवळ उभं राहिलं की दिसतं. केबली शेजारी शेजारी चिकटवून ठेवल्या की भोकं केबलींनीच बुजतात. हवेला खालून वर जायला ट्रेच्या तळात वाट आहे, पण त्याच्यावर केबलींचा सलग पडदा आहे. दोन केबलींमध्ये फट असेल तरच भोकाचा उपयोग. म्हणून मानकाच्या त्याच भागातल्या ट्रेच्या तक्त्यात सहा केबली परफोरेटेड ट्रेवर चिकटून असतील तर ०.७६, आणि दोघींमध्ये एका केबलच्या व्यासाइतकं अंतर सोडलं तर ०.९१ असे आकडे आहेत. लॅडर ट्रेवर तेच अंतर सोडलं तर फॅक्टर थेट १.००, म्हणजे सहा केबली शेजारी असूनही प्रत्येक केबल एकटीच असल्यासारखी वागते. ट्रे बदलून जे मिळत नाही ते अंतर सोडून मिळतं, आणि दोन्ही केलं तर सगळंच मिळतं.

याच तक्त्याखाली एक टीप आहे. आकडे वाचणारे बरेच जण ती वाचत नाहीत. हे फॅक्टर फक्त एका थरासाठी आहेत. एकावर एक चिकटलेल्या थरांना ते लागू नाहीत आणि तिथे प्रत्यक्ष फॅक्टर बराच कमी असू शकतो, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. आणखी दोन अटी आहेत. एकावर एक ट्रे असतील तर त्यांच्यात ३०० मिमी अंतर हवं, आणि ट्रे व भिंत यांच्यात निदान २० मिमी फट हवी. म्हणजे दोन थरांचा ट्रे भरून वर ०.७३ लावणारा माणूस मानकाचा आधार घेतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात मानकाने त्याला तसं करायला मनाई केलेली आहे.

ट्रे निम्मा रिकामा ठेवण्याचा नियम कुठून आला, हेही पाहायला हवं, कारण तो आपल्याकडे फार श्रद्धेने सांगितला जातो. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये कलम ३९२ केबल ट्रेचं आहे. तिथे उघड्या ट्रेच्या अंतर्गत क्षेत्रफळाच्या ५० टक्क्यांपर्यंत भरायला परवानगी आहे, पण ती कंट्रोल आणि सिग्नल केबलींना. या केबलींतून जाणारा करंट इतका थोडा की त्यांची उष्णता हिशेबात घेण्यासारखी नसते. मोठ्या पॉवर केबलींसाठी, म्हणजे ४/० आणि त्याहून जाड, आपल्या मापात साधारण १०७ स्क्वेअर एमएमपासून पुढे, त्याच कलमात वेगळा नियम आहे. सगळ्या केबलींच्या व्यासांची बेरीज ट्रेच्या रुंदीहून जास्त नको आणि त्या एकाच थरात हव्यात. आपण कंट्रोल केबलचा नियम उचलला आणि २४० स्क्वेअर एमएमच्या पॉवर केबलला लावला. त्या नियमाने ट्रेच्या वरच्या बाजूची अर्धी जागा रिकामी राहते आणि खाली दोन-तीन थरांचा गठ्ठा तसाच असतो.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण गठ्ठ्याचं गणित आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून फॅक्टर ०.५० असेल तर प्रत्येक केबल एकटी असताना जेवढी उष्णता टाकू शकली असती, त्याच्या फक्त पाव उष्णता गठ्ठ्यात टाकू शकते. नऊ केबलींची बेरीज करा. नऊ गुणिले पाव म्हणजे सव्वादोन. नऊ केबलींचा गठ्ठा मिळून सव्वादोन मोकळ्या केबलींइतकीच उष्णता बाहेर टाकतो. वीस केबलींचा गठ्ठा केला तर मानकात फॅक्टर ०.३८ आहे, आणि त्याची बेरीज तीन केबलींच्याही आतच राहते. केबली वाढवल्या तरी उष्णता बाहेर पडण्याचा पृष्ठभाग जवळजवळ तेवढाच राहतो. आतल्या केबलीला हवा दिसत नाही, तिचं प्रारणही शेजारणीवरच पडतं, आणि बाहेरच्या केबली तिच्यावर गोधडीसारख्या बसतात.

आता यातला पैसा पाहा. साडेतीन कोअरची, २४० स्क्वेअर एमएमची, अॅल्युमिनियमची, एक्सएलपीई इन्सुलेशनची आर्मर्ड केबल आपल्याकडे सर्रास वापरतात. ४० अंश तापमानाच्या हवेत तिचं कॅटलॉग रेटिंग ४०० अँपिअरच्या आसपास असतं. अशा नऊ केबलींचा गठ्ठा ०.५० ने १,८०० अँपिअर नेतो. लॅडर ट्रेवर व्यासाइतकं अंतर सोडून ठेवलेल्या पाच केबली २,००० अँपिअर नेतात. केबलचा व्यास साधारण ६० मिमी धरला तर पाच केबली आणि चार फटी ५४० मिमीत, म्हणजे ६०० मिमीच्या एका ट्रेवर सहज बसतात. चार केबलींचं अॅल्युमिनियम, त्यांचे ग्लँड, लग आणि मजुरी वाचली. रुंद ट्रे महाग पडतो म्हणून अरुंद ट्रेमध्ये केबली कोंबणाऱ्याने काय वाचवलं आणि काय घालवलं, हे त्याच्या पर्चेस खात्याने एकदा मांडून पाहावं.

हीच केबल ३०० अँपिअरवर चालली आणि कंडक्टर ९० अंशांपर्यंत तापला, तर किती उष्णता निघते? या कंडक्टरचा रोध २० अंशांना किलोमीटरला ०.१२५ ओहम, ९० अंशांना सुमारे ०.१६० ओहम. तीन फेजचे मिळून मीटरमागे ४३ वॅट होतात. नऊ केबलींचे मीटरमागे जवळजवळ ३९० वॅट. पन्नास मीटर लांबीच्या ट्रेमध्ये १९ किलोवॅटहून अधिक. ही वीज महावितरणच्या मीटरमध्ये मोजलेली असते, तिचं बिल भरलेलं असतं आणि ती शेडच्या छताखाली हवा तापवण्यात जाते.

छताखालची ही हवा आपल्या गावचा खास प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तो सावलीतला. पत्र्याच्या शेडमध्ये छताला लागून असलेली हवा जमिनीवरच्या हवेहून कितीतरी गरम असते आणि ट्रे नेमका तिथेच, क्रेनच्या आणि फोर्कलिफ्टच्या वाटेतून बाजूला म्हणून, अगदी वर टांगलेला असतो. कॅटलॉगमधला आकडा ४० अंशांचा. हवा ५० अंशांची झाली तर एक्सएलपीई केबलचा करंट ०.८९ पट आणि पीव्हीसी केबलचा ०.८२ पट होतो. एक्सएलपीईचा कंडक्टर ९० अंशांपर्यंत तापू शकतो, पीव्हीसीचा ७० पर्यंतच, म्हणून पीव्हीसीला उन्हाचा फटका जास्त. गठ्ठ्याचा ०.५० आणि हवेचा ०.८९ गुणला की ४०० अँपिअरची केबल १७८ अँपिअरची उरते. ट्रे छतापासून मीटर-दीड मीटर खाली, भिंतीच्या उंचीवर आणला तर यातला बराचसा तोटा एकही जादा पैसा न घालता भरून येतो.

आता पंखा. ट्रेवर रोखलेला पंखा वरच्या थराला वारा घालतो. जळते ती केबल खालच्या किंवा मधल्या थरात असते, तिच्यापर्यंत तो वारा पोचत नाही. मेमधली दुपारची हवा आत ओढणारा एक्झॉस्ट शेडमधल्या माणसांना थोडा दिलासा देतो, ट्रेला फार थोडा. आणि मराठवाड्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये तर पंख्याने ट्रेवर कापसाचे तंतू आणून बसवले जातात. केबलींवर तंतूंचा हा थर साचला की उष्णता आणखी अडते, आणि ठिणगी पडली तर पहिलं इंधनही तोच होतो. धूळ आणि तंतू असलेल्या ठिकाणी झाकण हवंच, ही मागणी मला मान्य आहे. त्याची किंमत मात्र हिशेबात धरायला हवी. अमेरिकी कोड १.८ मीटरहून लांब सलग बंद झाकण असेल तर करंट ९५ टक्क्यांवर आणायला सांगतो. ही कपात मोठी नाही. गठ्ठ्याच्या कपातीपुढे ती किरकोळ आहे. उघड्यावर, गच्चीवरून जाणाऱ्या ट्रेला तर झाकण फायद्याचंच ठरतं, कारण सूर्य थेट केबलवर पडण्यापेक्षा झाकणावर पडलेला बरा. फक्त ते झाकण ट्रेच्या कडांवर चिकटवून न बसवता खाली फट ठेवून उचललेलं हवं.

पंख्याचं समर्थन जिथे खरोखर होतं ती जागा वेगळी आहे, आणि न्यायाने ती सांगितली पाहिजे. ती म्हणजे पॅनल रूममधली आणि ट्रान्सफॉर्मर यार्डातली बंद केबल ट्रेंच. वरून चेकर्ड प्लेट ठेवलेली, बाजूंना काँक्रीट. इथे केबलभोवतीची हवाच कोंडलेली असते, मग फटी सोडूनही ती हवा तापत जाते. आयईसी ६०२८७ या मानकात अशा ट्रेंचसाठी साधं सूत्र आहे. मीटरमागची एकूण उष्णता भागिले ट्रेंचच्या परिघाची तिप्पट, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती अंश वर जाईल ते निघतं. परिघात उन्हात तापणारी बाजू धरायची नाही. एक मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल ट्रेंच यार्डात उन्हात असेल, तर तळ आणि दोन बाजू मिळून २.२ मीटर. वरच्या नऊ केबलींचे ३९० वॅट त्यात सोडा. भागाकार येतो ५९ अंश. बाहेर ४० असेल तर आत ९९, म्हणजे केबलच्या कंडक्टरला परवानगी असलेल्या तापमानाहून हवाच गरम. याचा अर्थ असा की ३०० अँपिअर तिथून जाऊच शकत नाहीत. त्याच ट्रेंचमध्ये तीन केबली असतील तर वाढ २० अंशांची राहते. ट्रेंचला दोन्ही टोकांना जाळ्या द्या, हवा ओढा, प्लेटवर सावली करा. तिथे वायुवीजन हाच उपाय आहे. मोकळ्या शेडमधल्या ट्रेला ट्रेंचचं औषध देऊन उपयोग नाही. रोग वेगळा आहे.

हवा जितकी जास्त तितकं चांगलं, या समजुतीलाही एक मर्यादा आहे. ट्रे भिंतीतून किंवा स्लॅबमधून पलीकडे जातो तिथे मोकळी वाट ठेवणं घातक असतं. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात भिंतीतल्या केबलच्या वाटेतून हवा गळते का, हे मेणबत्तीच्या ज्योतीवरून पाहिलं जात होतं. हवेच्या ओढीने ज्योत सीलसाठी भरलेल्या फोममध्ये खेचली गेली. आग ट्रेच्या वाटेने पसरली, काही तास चालली आणि १,६०० हून अधिक केबली खराब झाल्या. फायर स्टॉप भरलेल्या भिंतीत केबल थोडी जास्त तापते, हे खरं आहे. त्याचं उत्तर तिथे केबली विरळ ठेवून द्यायचं असतं, सील फोडून कधीच नाही.

एक साइझ वरची केबल घेण्याबद्दल माझा विरोध सौम्य आहे. २४० च्या जागी ३०० स्क्वेअर एमएम घेतली की रोध ०.१२५ वरून ०.१०० ओहमवर येतो आणि त्याच करंटला उष्णता २० टक्के कमी होते. हे खरं उत्तर आहे, पण अपुरं. जाड केबल ट्रेमध्ये जास्त जागा खाते, अंतर आणखी कमी होतं, आणि पॅनलमध्ये तिचा लग बसत नाही म्हणून कुणीतरी तो घासून बसवतो. वर, साइझ वाढवली आहे हे कळल्यावर त्याच फीडरवर आणखी एक मशीन जोडलं जातं. मिळालेले २० टक्के असे सहा महिन्यांत संपतात.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यात मजबूत मुद्दा. हजारो ट्रे असेच भरलेले आहेत आणि चालले आहेत. बरोबर आहे. याचं कारण असं की सगळ्या केबली एकाच वेळी पूर्ण करंटवर कधीच नसतात. मानकालाही हे ठाऊक आहे. एखादी केबल आपल्या गठ्ठ्यातल्या रेटिंगच्या ३० टक्क्यांहून कमी करंट नेत असेल, तर फॅक्टर काढताना ती मोजू नका अशी सूट त्यात आहे. आपले ट्रे वाचले ते या सुटीमुळे. भोकांनी ते वाचवलेले नाहीत. आणि ही सूट आजच्या लोडची आहे, कायमची नाही.

वाळूजचंच पाहा. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना तिथे आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो छोट्या शेड उभ्या राहिल्या. या शेड एका दिवसात वाढत नाहीत. एक प्रेस येतो, दोन वर्षांनी सीएनसी येतं, मग कॉम्प्रेसर, मग पेंटशॉपचं ओव्हन. प्रत्येक वेळी नवी केबल जुन्या ट्रेवर टाकली जाते, कारण ट्रे निम्मा रिकामा दिसतो. पहिल्या दिवशीच्या केबली ड्रॉइंगप्रमाणे ओळीने आणि क्लँपने बसवलेल्या असतात. नंतरच्या त्यांच्यावर आडव्यातिडव्या, उरलेल्या लांबीची वेटोळी करून टायने आवळलेल्या. एका शेडमध्ये असा ट्रे उसवताना मी पाहिला आहे. वरच्या केबली नव्यासारख्या होत्या. तळच्या केबलची शीथ चपटी आणि कडक झाली होती, टाय जिथे आवळला होता तिथे तिच्यावर खोल वळ उमटला होता, आणि नखाने खरवडलं तर कपची निघत होती. ट्रेला भोकं होती. ती सगळी त्या केबलने बुजवलेली होती.

यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. मोटारीचा वेग बदलणारे व्हीएफडी, एलईडी, संगणक, यूपीएस हे लोड करंट सरळ घेत नाहीत, त्यात हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पटीतले करंट, मिसळतात. एक फेज लोडचं तिसरं हार्मोनिक तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकत्र होतं. आपली लोकप्रिय साडेतीन कोअरची केबल न्यूट्रल अर्ध्या मापाची देते. २४० ला १२० ची. ही केबल रूढ झाली तो जमाना संतुलित तीन फेज मोटारींचा होता, तेव्हा ते शोभत होतं. आयटीच्या किंवा प्रकाशयोजनेच्या फीडरवर आज तोच अर्धा न्यूट्रल सगळ्यात आधी तापतो, आणि त्याच्यावर मीटर कुणी लावत नाही. तिसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की मानक चार कोअरच्या केबललाही ०.८६ चा फॅक्टर लावायला सांगतं. अशा फीडरला पूर्ण मापाची चार कोअर केबल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

केबल तापली का, हे हात लावून पाहण्याची सवयही सोडायला हवी. हात वरच्या केबलला लागतो. शिवाय एक्सएलपीई केबल आपल्या हक्काच्या तापमानावर चालत असली तरी हाताला चटका देते, आणि पीव्हीसी केबल मर्यादा ओलांडूनही बाहेरून सोसवेल इतकीच गरम लागू शकते. हात दोन्ही बाजूंनी फसवतो. केबल जळेपर्यंत काही कळत नाही, कारण बिघाड संथ असतो. इन्सुलेशनचं आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा इंजिनिअर माँटसिंगर यांनी १९३० साली ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवरून मांडला. आकडा पदार्थागणिक बदलतो, दिशा तीच राहते. पंचवीस वर्षांची म्हणून घातलेली केबल वीस अंश जास्त तापली तर चार ते सहा वर्षांची उरते. सहाव्या वर्षी ती गेली की दोष केबल कंपनीला दिला जातो.

गठ्ठा झालेल्या ट्रेचा प्रश्न परदेशात पन्नास वर्षांपूर्वीच हाताळला गेला आहे. १९७१ साली इंजिनिअर स्टॉल्प यांनी अस्ताव्यस्त भरलेल्या ट्रेसाठी करंट काढण्याची पद्धत मांडली. त्यात त्यांनी भोकांवरून सुरुवात केली नाही. ट्रेमध्ये केबलींचा थर किती जाड आहे, तो आकडा त्यांनी पायाला घेतला. एक इंच, दोन इंच, तीन इंच, जाडी वाढली की करंट उतरत जातो. त्या पद्धतीवरही आक्षेप आले. उष्णता सगळ्या गठ्ठ्यात सारखी पसरली आहे असं ती धरते, आणि दोन-तीन भारी फीडर एकत्र पडले तर ते गृहीत मोडतं. वाद जाडीच्या आत चालला होता. जाडी महत्त्वाची आहे याबद्दल वाद नव्हता.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून झालेल्या ऑरिकमध्ये आता मोठे कारखाने येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरमधल्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. एथर एनर्जीनेही त्याच वर्षी बिडकीनची निवड केली. त्यांच्यामागून वाळूजसारखीच पुरवठादारांची नवी रांग उभी राहील, आणि तिच्या शेडमध्ये चार्जर, रोबो, ओव्हन, चिलर असे दिवसरात्र चालणारे लोड असतील. ३० टक्क्यांची सूट तिथे मिळणार नाही.

म्हणून नव्या शेडचं इलेक्ट्रिकल काम काढणाऱ्या मालकांना, सल्लागारांना आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुण इंजिनिअरांना माझी विनंती आहे. बीओक्यूत नुसतं परफोरेटेड ट्रे असं लिहू नका. १०० स्क्वेअर एमएमच्या पुढच्या पॉवर केबलींसाठी लॅडर ट्रे, एकच थर, दोन केबलींमध्ये एका व्यासाइतकं अंतर, दोन ट्रेमध्ये ३०० मिमी, आणि छतापासून निदान एक मीटर खाली, एवढं लिहा. कंट्रोल केबलींना वेगळा ट्रे द्या. जुन्या शेडच्या मालकांनी येत्या मेमध्ये, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पूर्ण लोड असताना थर्मल कॅमेऱ्याने ट्रे तपासून घ्यावा. कॅमेराही वरचाच थर पाहतो, म्हणून क्लँप मीटरने प्रत्येक फीडरचा आणि न्यूट्रलचा करंट लिहून ठेवावा, आणि ट्रेमध्ये थर किती झाले ते मोजून त्याच वहीत नोंदवावं. दोनहून जास्त थर दिसले तर नवी केबल त्या ट्रेवर टाकू देऊ नये.